नव्या सायकलला आरसा

आमच्या ह्यांना ऐकू कमी येतंय, हे मला दौंडच्या एका सायकलच्या दुकानात कळलं. त्याआधी दोन-अडीच वर्षं मी समजत होते, की माझं काही ऐकायचंच नाही असं ह्या माणसानं ठरवून टाकलंय. कितीही हाका मारल्या तरी ओ नाही. मग मी भांडी आपटायचे, आणि त्या आदळआपटीचाही काही परिणाम दिसला नाही की आणखीच भडकायचे. मी तोंडाळ आहे, हे वस्तीवर लहानथोरांना ठाऊक आहे. सासूबाई म्हणायच्या, हिच्या तोंडाला लावायचं कुलूप अजून कुणी बनवलं नाही. तर त्या दिवशी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, मला तोंड बंद ठेवावं लागलं.

आमची वस्ती कुरकुंभच्या अलीकडं, कालव्याच्या अंगाला. थोडी जमीन आहे, तिच्यात मी शेवंती आणि झेंडू करते. सकाळी फुलं तोडायची, स्कुटीवर घालायची आणि दौंडला हारवाल्यांना नेऊन द्यायची, हे माझं काम. हे कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडं होते. कॉम्प्रेसर रूमला. तिथं इतका आवाज असतो, की कानाला तोंड लावून ओरडलं तरी शब्द पोचत नाही. म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. अंगठा तोंडाशी नेला की चहाला चल. आडवा तळवा धरला की थांब. डोक्यावर मूठ उचलली की बंद कर, आत्ताच्या आत्ता. आणि तळहात कानामागं धरला की मशीनचा आवाज बदललाय, नीट ऐक.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर ही सगळी भाषा घरात आलीच. जेवताना आडवा तळवा दिसला की मी भाकरी वाढायची थांबायचे. पोरगी लहानपणी टीव्हीसमोर बसली की हे दारातूनच डोक्यावर मूठ उचलायचे आणि ती उठून टीव्ही बंद करायची. आम्हाला त्याची मजा वाटायची.

कंपनी कानात घालायला बोळे देते. पिवळे, दोरीला बांधलेले. ह्यांचे बोळे कायम गळ्यात लोंबत असायचे, कानात कधी नसायचे. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "बोळं घातलं तर मशीन काय म्हणतंय ते कसं कळंल?" त्या खोलीतल्या सगळ्यांचं हेच. मशीनचा सूर जरा हलला की ओळखायचा, यातच त्यांची ऐट. आपल्या पाळीत मशीन कधी बंद पडलं नाही, याचा आमच्या ह्यांना भारी अभिमान होता.

दरवर्षी कंपनीत मेडिकल होते. कानाच्या तपासणीला एका काचेच्या खोलीत बसवतात, डोक्याला हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात. बारीक आवाज आला की बटण दाबायचं. हे एकदा हसत हसत सांगत होते, की समोरच्या काचेत तपासणाऱ्याचा हात दिसतो. त्याचा हात हलला की आपण दाबायचं. सगळीच माणसं तसं करतात. मीही हसले. म्हटलं, "ही अक्कल शाळेत वापरली असती तर मॅट्रिक तरी झाला असता."

मग ठेकेदाराच्या माणसांसाठी कंपनीची बस बंद झाली. त्याच सुमाराला ह्यांच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. स्कुटी मला लागते, फुलं काही माझ्यासाठी थांबत नाहीत. माझा भाऊ शिरूरला असतो, रांजणगावच्या कंपनीत आहे, आणि रविवारी गिअरच्या सायकलवर दहा गावं पालथी घालतो. त्यानं फोनवर ह्यांच्या डोक्यात भरवलं, की घ्यायचीच तर जाड टायरची घ्या, कालव्याच्या कडेचा दगडगोट्यांचा रस्ता तिलाच झेपंल. फोनवर म्हणजे स्पीकरवर, आवाज पूर्ण मोठा करून. तेव्हाही मला काही वाटलं नाही. उलट मी म्हटलं, गावाला ऐकवायचंय का.

दुकान बाजारपेठेत होतं. आम्ही दोघं स्कुटीवर गेलो. येताना हे सायकलवर आणि मी मागून स्कुटीवर, असं ठरलं होतं. सायकल लगेच पसंत पडली. काळी, मधे हिरवा पट्टा, टायर असे की मोटारसायकलला लाज यावी. ह्यांनी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि पोरासारखे हसले. मला बरं वाटलं. मग मी खाली वाकून बघते तर सायकलला काहीच नाही. स्टँड नाही, मडगार्ड नाही, मागं कॅरिअर नाही, घंटी नाही.

"शेठ, एवढी महागाची सायकल, आन् नागडी?" मी म्हणाले.

दुकानदार हसला. "वहिनी, ही डोंगरावरची सायकल हाय. पोरं अशीच नेत्यात. काय पायजे ते वेगळं बसवून मिळंल."

"आम्हाला डोंगरावर न्हाई, कामावर जायचंय. बसवा."

स्टँडला कुणाचीच हरकत नव्हती. मडगार्ड मी घ्यायला लावले, नाहीतर कालव्यावरचा सगळा चिखल ह्यांच्या पाठीवर आणि मग माझ्या धुण्याच्या दगडावर. डब्याला कॅरिअर लागणारच. मागचा लाल दिवा दुकानदारानं आपणहून काढून ठेवला. हेल्मेटला मात्र हे अडून बसले. म्हणे घरी कंपनीचं पिवळं हेल्मेट आहे. मी म्हटलं, ते वरून पाना पडला तर, तुम्ही खाली पडला तर न्हाई. दुकानदारानं माझी बाजू घेतली आणि हेल्मेटही आलं. इथपर्यंत सगळं हसतखेळत चाललं होतं.

मग घंटीची पाळी आली. दुकानदारानं काउंटरवर घंट्यांचा एक डबाच उपडा केला. ह्यांनी एक छोटी, चकचकीत घंटी उचलली आणि कानाजवळ नेऊन वाजवली. टिंग. इतकी धारदार, की माझे दात शिवशिवले.

"हिला आवाज न्हाई," हे म्हणाले.

दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, दर पाडायची ह्यांची युक्ती आहे. ह्यांनी दुसरी घेतली, पुन्हा टिंग, पुन्हा मान हलवली. "ही बी मुकी हाय." पंक्चर काढत बसलेला कारागीर मान वर करून हसला. मग ह्यांनी डब्यातली एक जुन्या पद्धतीची मोठी घंटी घेतली, वाटीएवढी. तिचा ठण्ण असा जाड आवाज आला, आणि ह्यांचा चेहरा उजळला. "आता कशी बोलली."

माझ्या हातात ती छोटी घंटी होती. हे मागचं चाक बघायला वाकले, माझ्याकडं पाठ करून. मी घंटी वाजवली. का वाजवली ते मला आजही सांगता येणार नाही. ह्यांची मान हलली नाही. मी एक पाऊल पुढं झाले आणि पुन्हा वाजवली. रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईनं वळून बघितलं. हे टायरवरची नक्षी बोटानं चाचपत राहिले.

उतू गेलेलं दूध, न उचललेले फोन, पोरीनं मागून मारलेली हाक, बाजल्यावर कायम एकाच बाजूला बसायची सवय, सगळं एकदम डोळ्यांपुढून गेलं. काचेतला तो हातही. सगळे तसं करतात, असं म्हणाले होते. सगळे करत असतील. पण ह्यांना ते करण्यावाचून इलाज नव्हता.

आणि लगेच दुसरी भीती उभी राहिली, ती पहिलीपेक्षा मोठी होती. साखर कारखाने सुरू झाले होते. आमच्या रस्त्याला रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर, एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या. ड्रायव्हरनं गाणी अशी लावलेली असतात, की त्याला स्वतःच्या इंजिनाचाही आवाज येत नसेल. तो मागून येणार, हे पुढं सायकलवर. मागचाही बहिरा आणि पुढचाही. त्या रस्त्यानं ह्यांना मी रोज पाठवणार होते, आणि त्यासाठी मीच खरेदीला आले होते.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर ठेकेदाराचा सुपरवायझर उभा. सोबत त्याची पोरगी, तिच्या छोट्या सायकलची हवा गेलेली. हाच माणूस ह्यांची हजेरी लावायचा, पाळ्या ठरवायचा, कोण राहणार आणि कोण जाणार तेही ठेकेदाराला हाच सांगायचा. माणूस वाईट नव्हता. पण नोकरी त्याच्या हातात होती.

"काय मिस्तरी, सायकल का?" तो ह्यांच्या पाठीमागून म्हणाला.

हे चाकातच गुंग. सुपरवायझरनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. काही नाही. मग तो हसत म्हणाला, "काय हो, ऐकू येतंय का न्हाई?"

दुकानदार माझ्याकडं बघत होता. घंटीचं सगळं त्यानं बघितलं होतं. तो काही बोलायच्या आत मी पटकन पुढं झाले.

"माझ्यावरचा राग हाय, साहेब. दुकानात आल्यापासून धुसफूस चाललीय. कुणाशी बोलंनात."

असं म्हणत मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे वळले, साहेब दिसले तसे उभे राहिले, हात जोडले. त्यांनी तोंडाकडं बघून बोलणं सुरू केलं आणि सगळं ठीक चाललं. समोरून बोललं की त्यांना सगळं समजत होतं. ओठांवरून. कॉम्प्रेसर रूमनं तेही शिकवलं होतं, आणि मी इतके दिवस शेजारी झोपून ते ओळखलं नव्हतं. मला स्वतःचा संताप आला आणि त्यांचाही आला.

"बरं झालं भेटलात," सुपरवायझर म्हणाला. "पुढल्या आठवड्यात मेडिकल हाय. ह्या वेळंला कान तपासायला नवीन माणूस येणार हाय, पुण्यावरनं. कडक हाय म्हणत्यात."

ह्यांचं हसू जागच्या जागी राहिलं. "येऊ द्या की," ते म्हणाले.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ माझ्यासमोर, भर दुकानात उघडायच्या बेतात होती. एक शब्द चुकीचा गेला असता तर नोकरी गेली असती. आणि गप्प राहिले तर माणूस जाणार होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तेव्हा मला भिंतीवर टांगलेले आरसे दिसले. हँडलला लावायचे, गोल, लांब दांडीचे.

"शेठ, तो आरसा बसवा सायकलला," मी म्हणाले.

हे माझ्याकडं बघत होते, त्यामुळं त्यांना समजलं. "आरसा? मोपेड हाय का ही? काय शोभा करती."

"असू द्या. बसवा, शेठ."

"बसवू नका," हे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. ते हल्ली चढ्या आवाजातच बोलायचे आणि मी त्याला उर्मटपणा म्हणायचे. "सायकल घ्यायला आलोय, का बाशिंग बांधायला? कंपनीच्या गेटवर लोक हसतील."

सुपरवायझरला मजा वाटायला लागली. "वहिनी, एवढा आरशाचा हट्ट का? हातच्या काकणाला आरसा लागत न्हाई, आन् मिस्तरी तर दिसायला चांगलाच हाय."

कारागीर हसला, दुकानदारही हसला. कारण माझ्या जिभेच्या टोकावर होतं आणि ते मला गिळायचं होतं. मग मी ठरवलं, हसायचंच तर मला हसा.

"साहेब, मी मागनं स्कुटीवर येणार," मी म्हणाले. "बायको मागं हाय का कुठं हरवली, हे बघायची ह्यांना सवय न्हाई. जत्रंत दोनदा सोडून आलेत. आता आरशात बघत जाऊ द्या. न्हाईतर मी इथनं हालणार न्हाई."

"ऐका हो मिस्तरी," सुपरवायझर म्हणाला. "घरात शांतता ऱ्हाईल." आणि तो पोरीच्या चाकात हवा भरून घ्यायला पायरीकडं वळला.

पण हे ऐकेनात. त्यांनी मान फिरवली, आणि मान फिरवली की माझं बोलणं संपलं, हे मला आता माहीत झालं होतं. मी काउंटरच्या कडेनं फिरून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बाकीच्यांकडं माझी पाठ होती. एका हातानं ती छोटी घंटी धरून ठेवली होती. दुसरा तळहात मी हळूच माझ्या कानामागं धरला.

मशीनचा आवाज बदललाय.

त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, मग घंटीकडं, मग माझ्या डोळ्यांकडं. मी ती घंटी एकदा, अगदी हळू वाजवली. त्यांना अंगठा हलताना दिसला, एवढंच. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला हात खाली घ्यावासा वाटला. पण मी घेतला नाही. लग्नात सुद्धा मी ह्यांच्याकडं इतका वेळ बघितलं नव्हतं.

"बसवा आरसा," ते म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. मग माझ्या हातातली घंटी त्यांनी काढून घेतली आणि काउंटरवर ठेवली. "आन् ही घंटी. ती मोठी नको."

"दादा, हिला आवाज न्हाई म्हणत होता," दुकानदार म्हणाला. बोलला आणि त्याचं त्यालाच कळलं. तो खाली बघून पाना शोधायला लागला.

"हिला ऐकू येतीय ना," हे माझ्याकडं बोट करून म्हणाले. "मग झालं."

रेल्वेखालच्या मोरीतून बाहेर पडून आम्ही कुरकुंभच्या रस्त्याला लागलो, तेव्हा उन्हं कलली होती. हे पुढं, मी मागं. आरसा उजव्या हँडलला होता. त्यात मला त्यांचं कपाळ आणि डोळे दिसत होते, म्हणजे त्यांना मीही दिसत असणार. पण ते आरशात बघतच नव्हते. मुद्दाम समोर बघून पायडल मारत होते. मी म्हटलं, घ्या रागवून, पण बघा.

चढ लागला तसे ते दमले. रस्त्याची कड फुटलेली होती, म्हणून सायकल डांबराच्या बरीच आत घेतली. तेवढ्यात मला गाणी ऐकू आली. आधी गाणी, मग इंजिन. मागं बघितलं तर ट्रॅक्टर, त्याच्यामागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही अंगांनी फुगलेला. समोरून टँकर येत होता. ट्रॅक्टरला टँकरला जागा द्यायची होती, म्हणजे तो डावीकडं दबणार. आणि डावीकडं आम्ही होतो.

मी स्कुटी खाली मातीत घातली आणि हॉर्न दाबला. दाबूनच धरला. हे तसेच डांबरावर. मी नावानं कधी हाक मारत नाही, त्या दिवशी नावानं ओरडले. ट्रॅक्टर माझ्या शेजारून पुढं गेला. ड्रायव्हर मान हलवत होता, गाण्याच्या तालावर. मी स्कुटीवर उभीच राहिले आणि डोक्यावर मूठ उचलली.

आरशात बघा. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. एवढ्या वेळी बघा, मग जन्मात बोलू नका माझ्याशी.

आरशाकडं त्यांची नजर वळली. मूठ दिसली असणार, कारण त्यांनी विचार केला नाही, मागं वळून बघितलं नाही. कॉम्प्रेसर रूममध्ये ती मूठ दिसली की माणूस विचार करत नाही. सायकल सरळ रस्त्याखाली गेली, दगडांत. जाड टायर उड्या मारत गेले आणि बाभळीपाशी थांबले. ट्रॉलीतला ऊस त्यांच्या हेल्मेटला घासून गेला. पहिली ट्रॉली, मग दुसरी. मग नुसती धूळ.

मी स्कुटी टाकून पळत गेले. हे सायकल धरून उभे होते. मी त्यांच्या छातीवर दोन्ही हातांनी बुक्क्या मारल्या, भर रस्त्यावर. आणि मग रडले. त्यांनी मारू दिलं.

"कवापासनं?" मी विचारलं. समोर उभी राहून, सावकाश.

"बारीक आवाज आधी गेलं. पाखरं. मग फोन. मग तू," ते म्हणाले.

"आन् मशीन?"

ते सायकलचं हँडल पुसत होते, उगीच. "हात लावून बघतो," ते म्हणाले. "त्याच्या अंगावर तळवा ठेवला की थरथर कळती. आत्तापतूर भागलं."

हे ऐकून माझं रडू थांबलं. त्या खोलीत ह्यांच्या जिवावर विसंबून आणखी माणसं उभी असायची. सगळ्यांना वाटायचं, मिस्तरीचा कान आहे, काही बिघडलं तर तो सांगेल. मी एवढंच म्हणाले, "त्या ट्रॅक्टरवाल्याला बी वाटलं आसंल, भागतंय."

मला वाटलं होतं, ते चिडतील. पण हेल्मेटवर अडकलेलं उसाचं पाचट त्यांनी काढलं आणि सायकल रस्त्यावर घेतली. घरापर्यंत दर थोड्या अंतरानं आरशात बघत होते.

मेडिकलच्या दिवशी मी फुलं तोडलीच नाहीत. ओट्यावर बसून राहिले. मला माहीत होतं, काच तीच असणार, आणि नवीन माणूस कडक असला तरी हात सगळ्यांचाच हलतो. ते आले, सायकल स्टँडला लावली, पाणी मागितलं. मग म्हणाले, "खुर्ची फिरवून बसलो."

"म्हंजी?"

"काचेकडं पाठ करून. त्यो म्हणला, असं का बसताय? म्हणलं, असंच बरं हाय."

नंतरचे दिवस वाईट गेले. कळवू तेव्हा कामावर या म्हणाले होते, आणि बोलावणं येईना. हे शेतात येऊन माझ्यामागं फुलं तोडायचे आणि कळ्याही तोडायचे, मी काही बोलायची नाही. शेवटी तो सुपरवायझरच वस्तीवर आला. मी चहा टाकला. त्यानं सांगितलं, कॉम्प्रेसर रूम बंद, आता गोदामात, पिंपं मोजायला. पगार कमी, पण नोकरी राहिली. ह्यांनी त्याच्या तोंडाकडं बघत सगळं ऐकून घेतलं. तो गेल्यावर गळ्यातले ते पिवळे बोळे काढून खुंटीला अडकवले आणि कालव्याकडं निघून गेले. मी मागं गेले नाही. काही गोष्टी माणसाला एकट्यानं कराव्या लागतात, एवढं मलाही कळतं.

पुढं भावानं शिरूरला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. कानात घालायचं मशीन मिळालं. घरात घालतात, पोरीशी बोलताना घालतात, माझ्याशी भांडण लागलं की काढून खिशात ठेवतात. सायकलवर घालत नाहीत, वाऱ्याचा नुसता सोसाटा ऐकू येतो म्हणतात. रस्त्यावर त्यांचा सगळा भार आरशावर. गेटवर लोक आधी हसले. मग एकदोघांनी आपल्या सायकलींना तसेच आरसे लावून घेतले, असं हेच सांगत होते, जरा ऐटीत.

सकाळी निघतात तेव्हा मी ओट्यावर उभी असते. कालव्याच्या वळणापाशी गेले की ते घंटी वाजवायला लागतात. टिंग, टिंग, टिंग. त्यांना स्वतःला ती ऐकू येत नाही, त्यामुळं वाजली की नाही ते कळत नाही, म्हणून ते वाजवतच राहतात आणि आरशात बघतात. मी डोक्यावर मूठ उचलली की घंटी थांबवतात, आणि वळण घेतात.

एखाद्या सकाळी मी मूठ लवकर उचलत नाही.